आमच्या खुब्यात ठेवलेले आपले उपकार

अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजेश्री डीप्यू ऑर्थोपेडिक्स कंपनी, मुक्काम वॉरसॉ, प्रांत इंडियाना, आणि आपले तीर्थरूप जॉन्सन अँड जॉन्सन यांचे सेवेसी,

मुंबईहून एका सामान्य नागरिकाचे कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

एएसआर नावाचा आपला खुब्याचा कृत्रिम सांधा आपण ऑगस्ट 2010 मध्ये जगभरातून परत मागवलात. तेव्हापासून आपल्या पत्त्यावर वकिलांच्या नोटिसा आल्या, समन्स आली, सरकारी समित्यांची पत्रे आली. आभाराचे पत्र मात्र कुणी धाडले नसेल. ती उणीव राहू नये म्हणून हा पत्रप्रपंच.

जगभरात सुमारे 93,000 माणसांच्या शरीरात आपला हा सांधा बसला. त्यांतली सुमारे 4,700 माणसे आमच्या देशातली. सातासमुद्रापलीकडे बसून आपण आमची इतकी आठवण ठेवलीत, हा आपला मोठेपणा.

आमच्याकडे खुबा म्हातारपणीच जातो असे नाही, हे आपल्याला ठाऊक होते. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला रक्त पुरेनासे होते आणि ते हाड आतल्या आत मरत जाते. डॉक्टर त्याला एव्हीएन म्हणतात. हे दुखणे तिशी-चाळिशीतल्या माणसालाही गाठते. लोकलला लटकून कामावर जाणारा, पोरांच्या फीचे हप्ते भरणारा कर्ता माणूस जांघेत कळ येते म्हणून दवाखान्यात जातो आणि वर्षभरात काठी धरतो. अशा माणसाला पुन्हा सरळ चालवण्याचा शब्द आपण दिलात. त्याने आपल्याला देवाच्या जागी मानले असेल तर त्यात नवल नाही.

शिवाय आपल्या सांध्याचा गोळा मोठा होता. लहान गोळ्याचा जुना सांधा बसवला की डॉक्टर घरी सोडतानाच बजावत: मांडी घालायची नाही, उकिडवे बसायचे नाही, खाली वाकून काही उचलायचे नाही, नाहीतर गोळा वाटीतून निखळेल. आमचे जेवण जमिनीवर, पूजा जमिनीवर, शेतातली खुरपणी उकिडवी. अशा माणसाला खुर्चीचा आणि कमोडचा जन्म काढायला सांगणे म्हणजे त्याचे अर्धे घर काढून घेणे. मोठा गोळा सहसा निखळत नाही, हालचाल मोकळी राहते. आमची नड आपण अचूक हेरलीत.

आपला मूळ हेतू खोटा होता असा आरोप मी करणार नाही. धातूचा गोळा आणि प्लास्टिकची वाटी ही जुनी जोडी वर्षानुवर्षे घासली की प्लास्टिकचे बारीक कण सुटतात, आणि त्या कणांशी झुंजता झुंजता शरीर स्वतःचेच हाड खाऊ लागते. तरुण रुग्ण जास्त चालतो, म्हणून त्याचा सांधा लवकर झिजतो. तेव्हा धातूवर धातू फिरवून पाहू, हा विचार करणारे आपण एकटे नव्हता आणि पहिलेही नव्हता. दुखणे खरे होते, उपायाची गरज खरी होती. नव्या वाटेवर पहिले पाऊल कुणाला तरी टाकावेच लागते. फक्त ते पाऊल कुणाच्या पायाने टाकायचे आणि त्या पायाला आधी विचारायचे की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि तो आपण स्वतःच्या अधिकारात सोडवलात.

आता त्या वाटीबद्दल विशेष आभार. गोळ्याला पोटात घेणारी वाटी जितकी खोल, तितका भार नीट पसरतो. आपण ती उथळ केलीत. हालचाल आणखी मोकळी व्हावी म्हणून केलीत, हेही मान्य. पण उथळ वाटीत भार काठावर येतो. बसवताना कोन जरासा इकडेतिकडे झाला की तो काठ गोळ्याला खरवडू लागतो, आणि कोबाल्ट-क्रोमियमचा सूक्ष्म चुरा सांध्याभोवतीच्या मांसात झिरपू लागतो. मापाने लहान सांध्यांत हे अधिक, म्हणजे बायकांच्या वाट्याला अधिक. शस्त्रक्रियेच्या टेबलावर प्रत्येक शल्यविशारदाचा हात प्रत्येक वेळी अंशाच्या काट्यावर उतरेल, असा विश्वास आपण मानवजातीवर टाकलात. इतका विश्वास आमच्यावर आजवर कुणी टाकला नव्हता.

ज्या रुग्णांचा खुबा पुन्हा उघडावा लागला, त्यांच्यात शल्यविशारदांना काय दिसले, ते वैद्यकीय नियतकालिकांत छापून आले आहे. राखाडी, काळपट द्रव. रंग गेलेले, मेलेले स्नायू. कुठे घट्ट गाठ. हाड भुसभुशीत झालेले, त्यामुळे नव्या सांध्याला पकड घ्यायला जागा कमी. पहिली शस्त्रक्रिया करून माणूस चालत घरी जातो. दुसरीनंतर तो कितपत चालेल, हे आतले मांस किती उरले आहे त्यावर ठरते. आणि एक्स-रे बहुधा निर्मळ. सांधा जागच्या जागी, चकचकीत. रुग्ण सांगतो, दुखते आहे. फिल्म उजेडावर धरून डॉक्टर सांगतात, सगळे उत्तम आहे. दुखणाऱ्या माणसाला आपण वेडा ठरतो आहोत असे वाटायला लावणारे हे कसब आपल्याच वाटीचे.

रक्तातला कोबाल्ट आणि क्रोमियम मोजता येतो. ब्रिटनच्या नियामकांनी एप्रिल 2010 मध्ये डॉक्टरांना लेखी कळवले की धातूवर धातू असलेल्या सांध्याच्या त्रस्त रुग्णांची ही चाचणी करा, आणि दर लिटरला 7 मायक्रोग्रॅमच्या वर आकडा गेला तर लक्ष ठेवा. ही चाचणी आमच्या तालुक्याच्या गावच्या लॅबमध्ये होत नाही. तिचे नावही बहुतेकांच्या कानावर आलेले नसते. आपला धातू अंगात वागवणारा माणूस मग फॅमिली डॉक्टरकडून वेदनाशामक गोळ्या घेत राहतो.

आपल्या मायदेशात आपण परवानगी कशी मिळवलीत, हे वाचताना तर हात जोडले गेले. औषधाची साधी गोळी विकायची तर आधी प्राण्यांवर, मग थोड्या माणसांवर, मग पुष्कळ माणसांवर चाचणी घ्यावी लागते. पण अमेरिकेच्या 1976 च्या कायद्याने उपकरणांसाठी एक जवळची वाट ठेवली. बाजारात आधी असलेल्या वस्तूशी आपली वस्तू पुरेशी मिळतीजुळती आहे, एवढे दाखवले की पुरे. माणसांवर चाचणी घेतलीच पाहिजे असे नाही. 2005 साली एएसआर एक्सएल हा आपला पूर्ण सांधा याच वाटेने आत आला.

आमच्याकडे स्थळ आले की चार घरी चौकशी होते. आपल्याकडे मुलगा अगदी मामावर गेलाय, एवढ्यावर बोलणी पक्की झाली, आणि मामाने काय दिवे लावले होते ते कुणी विचारले नाही. संशोधकांनी 2013 साली या सांध्याची वंशावळ खणून काढली. ती पाच दशके मागे, 95 उपकरणांपर्यंत गेली. त्यांतले काही पूर्वज पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्यामुळे केव्हाच वापरातून गेले होते. अशा थोर घराण्याचा वारस आपण आमच्या पदरात घातलात.

हाडाच्या गोळ्यावर धातूची टोपी बसवायचा एएसआरचा दुसरा प्रकार होता. त्याच्यासाठी मात्र आपल्या सरकारने ही जवळची वाट दिली नाही, पुरावा मागितला. पुरावा पाहून ऑगस्ट 2009 मध्ये त्यांनी नकार कळवला. आपण ते मनाला लावून घेतले नाहीत. आपल्या देशात जे चालले नाही ते देशाबाहेर विकणे चालूच राहिले. अमेरिकेने नको म्हटलेले परदेशी शरीरांनी गोड मानून घ्यावे, इतकी आपली आमच्यावर माया.

इथे मला एका जुन्या माणसाची आठवण आपल्याला करून द्यायची आहे. आपल्याच धंद्याचा तो मूळपुरुष. इंग्लंडात लँकेशरमधल्या रायटिंग्टन रुग्णालयातले जॉन चार्नली. आज जगभर बसणाऱ्या खुब्याच्या सांध्याचा पाया त्यांनी घातला. तेही चुकले होते, आणि वाईट चुकले होते. 1950 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी टेफ्लॉनच्या वाट्या वापरल्या. सुमारे 300 रुग्णांना बसवल्या. दोन-तीन वर्षांत वाट्या झिजल्या, चुऱ्याने सांध्याभोवती गाठी धरल्या. पुरेशी वाट न पाहता इतक्या माणसांना त्या का बसवल्या, असे आजही चार्नलींना विचारता येते.

पण पुढे त्यांनी काय केले पाहा. बिघडलेले सांधे त्यांनी स्वतः उघडले, स्वतः काढले. रुग्णांना पुन्हा पुन्हा बोलावून तपासले. टेफ्लॉनचे आणि नव्या प्लास्टिकचे तुकडे त्यांनी आपल्या स्वतःच्या मांडीत कातडीखाली ठेवून घेतले आणि शरीर काय करते ते पाहिले. 1962 साली नव्या प्लास्टिकची वाटी आली, तीही सर्रास बाजारात सोडली नाही. ज्यांनी रायटिंग्टनला येऊन तंत्र शिकून घेतले, अशाच शल्यविशारदांना सुरुवातीला तो सांधा विकत मिळे. मृत्यूनंतर आपला सांधा अभ्यासासाठी परत देऊ, असे त्यांचे रुग्ण हयातीतच लिहून देत. ज्या माणसाने आपल्या शरीरावर चुकीचा प्रयोग केला असू शकतो, त्याच्यावर रुग्णांनी एवढा भरवसा का टाकला असेल? चार्नलींनी त्यांच्यापासून तोंड लपवले नाही, म्हणून.

आपल्या वॉरसॉच्या किंवा लीड्सच्या कचेरीत कुणी मांडीत कोबाल्टचा चुरा ठेवून घेतला, असे माझ्या वाचनात नाही. तशी अपेक्षाही नाही. एवढी मोठी माणसे, त्यांना मांडीत चुरा ठेवून घ्यायला वेळ तरी कुठून मिळणार.

ऑस्ट्रेलियाचे उपकार मानताना आपला हात जरा आखडला असेल, म्हणून ते मीच मानतो. त्या देशात बसवलेल्या प्रत्येक सांध्याची राष्ट्रीय नोंदवही आहे. कुठल्या कंपनीचा, कुठल्या मापाचा, केव्हा बसवला, केव्हा काढावा लागला, सगळे एका ठिकाणी. 2007 पासूनच त्या नोंदवहीत एएसआरचे आकडे वर चढलेले दिसू लागले. डिसेंबर 2009 मध्ये तिथून आपण सांधा मागे घेतलात, आणि कारण काय सांगितलेत? मागणी घटली. तिथल्या रुग्णांचे कण्हणे आपल्या हिशेबात मागणीच्या रकान्यात बसले.

इंग्लंडात नॉर्थ टीस रुग्णालयातले टोनी नारगोल यांनीही आपल्याला सावध केले. त्यांनी स्वतः हा सांधा रुग्णांना बसवला होता आणि आता त्याच रुग्णांचे खुबे त्यांना उघडावे लागत होते. दोष बसवण्याच्या कोनाचा आहे, म्हणजे शल्यविशारदांच्या हाताचा, असा आपला खुलासा. जो सांधा चांगल्या शल्यविशारदाच्या हातूनही वाकडा बसतो, त्याची रचना तपासावी, हे आपल्या अभियंत्यांना सुचले नसेल असे मी समजत होतो.

त्यांना सुचले होते, हे नंतर कळले. अमेरिकेतल्या खटल्यांत आपलीच कागदपत्रे उघड झाली तेव्हा दिसले की सांध्याची रचना बदलण्याचा विचार 2008 साली आपल्या कचेरीत झाला होता, आणि विक्री पाहता तो खर्च परवडत नाही म्हणून सोडून देण्यात आला होता.

महोदय, हे वाक्य मी आदराने लिहायला बसलो होतो. जमले नाही. नवे उपकरण घडवताना पैसा मोजावाच लागतो, वेळ मोजावा लागतो, धोका मोजावा लागतो, हे कुणालाही कळते. या तराजूत एका पारड्यात दुरुस्तीचा खर्च होता आणि दुसऱ्यात काय होते? दुसऱ्या पारड्यात बसलेल्या माणसांना आपण तराजूत आहोत हे माहीतच नव्हते. ती माणसे त्या वर्षी नव्या सांध्यावर चालायला शिकत होती.

परत मागवताना आपण सांगितलेत की पाच वर्षांत साधारण 12 ते 13 टक्के रुग्णांना दुसरी शस्त्रक्रिया लागते. ब्रिटनने 2000 सालीच मापदंड घालून दिला होता: चांगला सांधा तो, जो दहा वर्षांत 10 टक्क्यांहून कमी रुग्णांत काढावा लागतो. आपण निम्म्या वेळात तो ओलांडलात. पुढे लॉस एंजेलिसच्या खटल्यात आपलाच 2011 चा अंतर्गत अंदाज बाहेर आला, त्यात पाच वर्षांच्या आत 37 टक्के निकामी होतील असे लिहिले होते. 2013 साली तिथल्या ज्युरीने रचना सदोष असल्याचा निवाडा दिला. 13 आणि 37 यांच्यामध्ये जी हजारो माणसे राहतात, त्यांना हा अंदाज आपणहून कळवायची तसदी आपण घेतली नाहीत. उगीच काळजी लागली असती त्यांना.

शल्यविशारदांवरचे आपले प्रेमही जगजाहीर आहे. सल्लागार शुल्काच्या नावाखाली शल्यविशारदांना पैसे चारल्याच्या चौकशीत 2007 साली चार कंपन्यांनी अमेरिकी सरकारला मिळून 31 कोटी 10 लाख डॉलर भरले. त्या चौघांत आपण होता. रुग्णाला सांधा निवडता येत नाही. त्याच्यासाठी डॉक्टर निवडतो, आणि त्या निवडीवर रुग्ण जीव ओवाळून टाकतो. त्या विश्वासाला आपण दर लावलात.

आता आमच्या घरातल्या गोष्टी. आपल्या सेवेत आमचेही लोक कमी पडले नाहीत. ऑक्टोबर 2005 पर्यंत खुब्याच्या कृत्रिम सांध्याला आमच्या कायद्यात औषधाइतकीही ओळख नव्हती. 2006 साली आपल्याला आयातीचा परवाना मिळाला. 2010 मध्ये आपण जगभर सांधा परत मागवलात, तरी तो परवाना रद्द व्हायला 2012 उजाडले. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने पोलिसांत तक्रार केली, तेवढी एक धग इथून निघाली. केंद्राचा सावधगिरीचा इशारा 2013 च्या अखेरीस निघाला. चौकशी समिती 2017 मध्ये बसली. मौलाना आझाद मेडिकल कॉलेजचे माजी अधिष्ठाता डॉ. अरुण कुमार अगरवाल यांच्या समितीचा अहवाल 2018 मध्ये बाहेर आला. आठ वर्षे आमच्या सरकारने आपल्याला पाहुण्यासारखे वागवले. यजमान म्हणून आम्हाला याची लाज वाटते.

त्या समितीला जे आढळले ते आपल्याला कळवतो. आपल्याकडे ते आधीपासून असेलच. 4,700 मधले जेमतेम 1,080 च्या आसपास रुग्ण सापडले. सुमारे 3,600 सापडलेच नाहीत.

हरवले कसे? प्रत्येक सांध्याच्या खोक्यात चिकटपट्टीचे छोटे स्टिकर असतात. त्यावर माप, संदर्भ क्रमांक आणि लॉट नंबर. शस्त्रक्रिया झाली की नर्स ते सोलून रुग्णाच्या केसपेपरवर लावते. कधी एक प्रत डिस्चार्ज कार्डावर लागते, कधी लागत नाही. रुग्णालय काही वर्षांनी जुनी कागदपत्रे रद्दीत काढते. रुग्णाच्या घरी एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, औषधांची बिले, आणि नशीब असेल तर ते स्टिकर. भाड्याचे घर बदलताना, पावसात छत गळताना, ती पिशवी जाते. मग त्या माणसाच्या खुब्यात नक्की काय आहे, हे सांगणारा जगात एकच उरतो, आणि ते आपण आहात. कुठल्या लॉटचा माल कुठल्या वितरकाकडे, कुठल्या रुग्णालयात गेला, हे बिलाशिवाय जात नाही. माल विकताना आपला हिशेब कधी चुकला नाही.

आमच्याकडे सक्तीची राष्ट्रीय नोंदवही नव्हती. ऑस्ट्रेलियात जे आकड्यांतून दोन-तीन वर्षांत दिसले, ते इथे एकेका घरात एकेका माणसाचे दुखणे म्हणून राहिले. सोलापूरच्या रुग्णाला नाशिकच्या रुग्णाचे ठाऊक नाही, दोघांनाही वाटते आपल्याच नशिबी असा सांधा आला. ही एकट्याची कैद आपल्या फार सोयीची ठरली.

भरपाईच्या बाबतीत तर आपण आम्हाला कायदा शिकवलात. अमेरिकेत 2013 साली सुमारे 8,000 रुग्णांसाठी आपण अडीच अब्ज डॉलर बाजूला काढायला तयार झालात. सरासरी काढली तर माणशी तीन लाख डॉलरच्या वर. इथे सरकारी समितीने वय आणि अपंगत्व यांचे सूत्र बांधून सव्वा कोटी रुपयांच्या जवळपासपर्यंत भरपाई सुचवली, तेव्हा आपण दिल्ली उच्च न्यायालयात गेलात, आणि असा आदेश देण्याची सरकारला कायद्यात तरतूदच नाही, असे मांडलेत. पुढे 2019 मध्ये, दुसरी शस्त्रक्रिया होऊन पडताळणी झालेल्या रुग्णांना 25 लाख रुपये देण्याची तयारी दाखवलीत. त्या वेळच्या दराने साधारण 36,000 डॉलर. खुब्याचे हाड इंडियानात आणि इचलकरंजीत एकाच तऱ्हेने कुजते, एवढे तरी आपल्या प्रयोगशाळेला ठाऊक असेल.

या कायद्याच्या मुद्द्यापाशी मी पुष्कळ वेळ थांबलो, आणि मला वाटते आपल्या उपकारांचा खरा गाभा तिथेच आहे. भारतात आज एखाद्या कंपनीने माणसावर रीतसर चाचणी घेतली, तर त्या माणसाला त्याच्या भाषेत समजावून त्याची लेखी संमती घ्यावी लागते. एक नैतिक समिती त्याच्या बाजूने कागद तपासते. त्याचे नाव नोंदवहीत असते, ठरावीक दिवशी त्याला बोलावून तपासतात. चाचणीपायी इजा झाली तर उपचाराचा खर्च आणि भरपाई मिळण्याचा नियम 2013 पासून आहे. आपल्या 4,700 माणसांना यातले काहीही मिळाले नाही, कारण आपण त्यांच्यावर चाचणी घेतली नव्हती. आपण त्यांना माल विकला होता. प्रयोग त्यांच्याच शरीरात झाला, निकाल त्यांच्याच रक्तात उतरला, पण प्रयोगातल्या माणसाचा एकही हक्क त्यांच्या वाट्याला आला नाही. उलट या प्रयोगाचे पैसे त्यांनी स्वतः भरले. कुणी सोने गहाण ठेवून, कुणी प्रॉव्हिडंट फंड काढून.

आपल्या वकिलांनी म्हणावे की दहा वर्षे चाचणीच घेत बसलो तर दुखणाऱ्या माणसाने तोवर काय करायचे. प्रश्न रास्त आहे, आणि त्याला सोपे उत्तर नाही. सांध्याचा दोष पाच-सात वर्षांनी कळतो, आणि इतके दिवस सगळ्यांना काठी धरून बसवता येत नाही. म्हणूनच नवा सांधा आधी थोड्या रुग्णालयांत, थोड्या हातांत द्यायचा, प्रत्येक रुग्णाला तो नवा आहे हे सांगायचे, प्रत्येकाला दर वर्षी तपासायचे, आणि आकडा बिघडला की त्याच आठवड्यात थांबायचे. चार्नलींना हे साठ वर्षांपूर्वी संगणकाशिवाय जमत होते. आपण थोडे सोडून पुष्कळ निवडलेत. त्या पुष्कळांना सांगितलेत की हा सिद्ध झालेला माल आहे.

तीर्थरूप जॉन्सन अँड जॉन्सन यांना दोन शब्द. आपल्या घराण्याचे 1943 चे ब्रीद व्यवस्थापनाच्या वर्गांत शिकवतात. पहिली जबाबदारी रुग्णांची, डॉक्टरांची, नर्सेसची, आयाबापांची, भागधारकांचा नंबर शेवटी. 1982 साली शिकागोत कुणा नराधमाने टायलेनॉलच्या बाटल्यांत सायनाइड घालून सात जीव घेतले. दोष आपला नव्हता, तरी आपण सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या दुकानांतून उचललात. ते आपण करून दाखवले आहे. म्हणून एएसआरच्या बाबतीत आपल्याला जमले नसेल, ही सबब मी आपल्या वतीने कुणाला सांगू शकत नाही.

एवढे उपकार झाल्यावर आणखी मागू नये, पण याचकाला लाज नसते. आमच्या देशातल्या ज्या 3,600 माणसांचा ठावठिकाणा लागला नाही, त्यांतली पुष्कळ आज साठीच्या पुढे असतील. कुणाला थकवा येतो, कुणाला पायऱ्या चढवत नाहीत, आणि आपल्या अंगात काय आहे हे त्यांना कुणी सांगितलेले नाही. काही जण हे न कळताच गेले असतील.

तेव्हा, कृपावंत महोदय, भारतात आलेल्या एएसआरच्या प्रत्येक खोक्याचा हिशेब उघडा करावा. लॉट नंबर, वितरक, रुग्णालय आणि पाठवल्याची तारीख, एवढेच. रुग्णाचे नाव आपल्याकडे नसेल, हरकत नाही. एवढी यादी मराठी, हिंदी, तमिळ वर्तमानपत्रांत छापावी, आणि सापडलेल्या प्रत्येकाची रक्ताची चाचणी जन्मभर आपल्या खर्चाने, त्याच्या जिल्ह्यात व्हावी. ज्यांना दुसरी शस्त्रक्रिया लागेल त्यांच्याशी कोर्टात भांडू नये. इंडियानातल्या रुग्णाला जे दिलेत ते इचलकरंजीतल्या रुग्णाला द्यावे.

रुग्णालयाचे नाव आणि साल मिळाले की पुढची शोधाशोध आमच्यावर सोपवा. जुनी रजिस्टरे चाळणारे वॉर्डबॉय, निवृत्त झालेल्या थिएटर नर्सेस, गावोगावचे वार्ताहर, रुग्णांच्या संघटना, आशाताई, सगळे कामाला लागतील. दारोदार जाऊन माणूस शोधण्याची आम्हाला सवय आहे. यादी आपण पाठवावी.

उत्तराची वाट पाहत आहे. लोभ असावा, ही विनंती.

आपला कृपाभिलाषी,
एक मुंबईकर